दाब तोच, खोली तीच

ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'लाल पेन' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. सगळी नोकरी दुसऱ्यांची गणितं तपासण्यात गेल्यावर याहून बरं नाव मिळायची आशा धरू नये. आमच्याकडे वायू साठवायच्या टाक्यांची डिझाइनं होतात. एक जण गणित करतो, दुसरा तपासतो, मग खाली दोघांच्या सह्या होतात. त्यातली दुसरी मी. टाकी टिकली तर माझ्याकडे कुणी फिरकत नाही, आणि काही बिनसलं तर सगळे आधी माझ्याच टेबलाशी येतात.

त्या सोमवारी मी ऑफिसात पोचले तीच दमून. हल्ली मी झोपून उठले तरी दमलेलीच असते. बायपास झाल्यापासून नवरा घरी आहे, आणि दिवसभर टीव्हीतल्या माणसांशी वाद घालतो. गुडघे जिना दिसला की कुरकुरतात. निवृत्तीला वर्ष उरलंय आणि ते संपता संपत नाही. त्यात आदल्या दिवशी दुपारी धाकटीचा फोन आला होता, तो डोक्यातून जात नव्हता.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. आमची आई गेलं वर्षभर तिच्याकडे आहे. त्याआधी दोन वर्षं माझ्याकडे होती. नवऱ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा धाकटीच म्हणाली, "ताई, आईला मी नेते," आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात हजर. तिचा नवरा परगावी नोकरीला, सुट्टीपुरता येतो. मुलगी शिकायला बाहेर. घरात या दोघीच. आईला आता सगळं आठवतं असं नाही, पण चालते, जेवते, कुणाला त्रास द्यावा असा तिचा स्वभाव कधीच नव्हता.

"ताई, आईला थोडे दिवस नेशील का?" धाकटीनं फोनवर विचारलं होतं. उन्हाळ्यातही तिनं हेच विचारलं होतं.

"का? काय झालं?"

"झालं काही नाही. मला जरा जमत नाहीये."

"तुला बरं नाही का?"

"तशी बरी आहे."

मग माझी जीभ सुटली. "बरी आहेस, घरी आहेस, नोकरीची कटकट नाही. मी दोन वर्षं केलंच की, ऑफिस सांभाळून! आई तीच आहे, काही बदललीय का? एवढं वर्ष काढ. मी निवृत्त झाले की नेते."

"बरं," ती म्हणाली.

"इकडे यांना अजून उठताबसता हात द्यावा लागतो. तुला माहीत आहे."

"हो ताई. बरं." आणि तिनं फोन ठेवला.

माझं काही चुकलं असं मला वाटलं नव्हतं. तरी ते दोन वेळचं 'बरं' कानात राहिलं होतं.

सोमवारी माझ्या टेबलावर पहिलंच गणित आलं ते दशांशचं. दशांश हा आमचा एक इंजिनिअर, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. कुठलंही उत्तर तो दशांश चिन्हापुढे पाच घरं दिल्याशिवाय सोडत नाही, म्हणून हे नाव. माणूस सज्जन. त्याचं अक्षर इतकं सुरेख की त्यातली चूक काढताना आपल्यालाच अपराधी वाटावं.

गणित एथिलीनच्या टाकीचं होतं. दाब चाळीस बार, तापमान खोलीचं, टाकीत वायू किती किलो मावेल ते काढायचं. त्यावरून टाकीचे पाय किती मजबूत हवेत ते ठरतं, आणि गळती झाली तर आजूबाजूची माणसं किती लांब हलवायची तेही. दशांशनं झेडची किंमत सरळ एक धरली होती. झेड म्हणजे वायू पुस्तकातल्या आदर्श वायूपासून किती ढळलाय त्याचं माप. एक असेल तर वायू शहाण्यासारखा वागतो. कमी असेल तर त्याचे कण एकमेकांना ओढून गोळा होतात आणि तेवढ्याच जागेत जास्त वायू ठासला जातो.

मी लाल गोल केला आणि त्याला हाक मारली.

"हा एक कुठून आणला?"

"मागच्या महिन्यातल्या नायट्रोजनच्या टाकीवरून, मॅडम. तुम्हीच पास केली होती."

"नायट्रोजनची केली होती."

"पण दाब तोच आहे ना, मॅडम? चाळीसच. खोली तीच, कारखाना तोच. टाकीसुद्धा त्याच मापाची." तो अगदी मनापासून बोलत होता. "सगळं तेच आहे, म्हणून म्हटलं पुन्हा कशाला काढा."

मला खरं तर हसू यायला हवं होतं. पण मी दमलेली असले की मला राग आधी येतो.

"इकडे या," म्हणून मी त्याला भिंतीवरच्या आलेखापाशी नेलं. काचेमागे तो पिवळा पडलेला आलेख मी नोकरीला लागले तेव्हापासून तिथेच आहे. "कुठल्याही वायूला विचारायचं नसतं की तुझ्यावर दाब किती. विचारायचं, तुझ्या सहनशक्तीच्या मानानं किती. प्रत्येकाचा एक क्रिटिकल दाब असतो, एक क्रिटिकल तापमान असतं. दुसऱ्या कुणाचं नाही, त्याचं स्वतःचं. आपला दाब त्यानं भागायचा, आपलं तापमान त्यानं भागायचं, केल्विनमध्ये. येतं ते रिड्यूस्ड प्रेशर आणि रिड्यूस्ड टेंपरेचर. त्यानंतरच दोन वायूंची तुलना करायची. त्याआधी नाही. कॉलेजात शिकवलं असेल ना?"

"शिकवलं होतं."

"मग काढा. खोलीचं तापमान नायट्रोजनच्या क्रिटिकलच्या किती पट?"

त्यानं कॅल्क्युलेटर काढला. "दोन पूर्णांक तीन सात सात—"

"दोन घरं पुरेत. जवळजवळ अडीचपट. म्हणजे तो मजेत आहे, चाळीस बारचं त्याला काही वाटत नाही. आणि एथिलीनच्या?"

"एक पूर्णांक... शून्य सहा." त्याचा आवाज जरा खाली आला.

"अगदी काठावर उभंय बिचारं. आता बघा त्याची रेघ कुठे जाते." मी काचेवर बोट ठेवलं. नायट्रोजनची रेघ वर आडवी, जवळजवळ सपाट. एथिलीनची त्याच पट्ट्यात धाडकन खाली येत होती. "झेड किती दिसतो?"

"पॉइंट सात एक... दोन."

"म्हणजे तुम्ही जिथे शंभर किलो धरलेत, तिथे एकशे चाळीस आहेत. बाहेरून काही कळणार नाही. गेज चाळीसच दाखवणार, दोन्ही टाक्यांवर. नायट्रोजनला जमलं म्हणून याला जमेल, असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

हे मी बोलले, आणि आजूबाजूच्या टेबलांवर खसखस पिकली. दशांश कानापर्यंत लाल झाला. आमच्याकडे एक रिवाज आहे, ज्याच्या कागदावर लाल गोल येतो त्यानं त्या दिवशीचा चहा सगळ्यांना पाजायचा. तो मुकाट्यानं चहा सांगायला गेला.

मी खुर्चीत येऊन बसले आणि पुढचा कागद ओढला. पण त्यावरचं काही दिसेना. आपण नुकतंच काय बोललो ते माझं मलाच ऐकू येत होतं, आणि मागोमाग रविवारी दुपारी बोललेलं. मी दोन वर्षं केलंच की. आई तीच आहे. दशांशनं आणि मी एकच चूक केली होती, फक्त त्याला ती दाखवायला कुणीतरी होतं.

पहिल्यांदा मी ते झटकून टाकायचा प्रयत्न केला. माणसं म्हणजे वायू नव्हेत, म्हटलं, आणि बहीण म्हणजे टाकी नव्हे. असे विचार दमलेल्या डोक्यात येतात, चहा घेतला की जातात. चहा आला, घेतला. विचार तिथेच.

मी जिन्यात जाऊन धाकटीला फोन लावला. बऱ्याच वेळानं तिनं उचलला.

"काय चाललंय?"

"काही नाही. सगळं ठीक आहे, ताई."

"काल तू म्हणत होतीस ना, जमत नाही म्हणून—"

"ते असंच. जमतंय. तू काळजी करू नकोस."

आता धाकटी आणि 'काळजी करू नकोस'! ही लहानपणी बोटाला काटा रुतला तरी घर डोक्यावर घ्यायची. लग्नात पाठवणीला इतकी रडली की तिच्या सासूनं मला बाजूला घेऊन विचारलं, मुलीच्या मनाविरुद्ध तर नाही ना. तिचं रडणं, चिडणं, रुसणं, सगळं मला पाठ होतं. हा सपाट आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मी साहेबांना अर्ध्या दिवसाची रजा सांगितली, पर्स उचलली आणि निघाले.

बसमध्ये खिडकीशी बसून मी वाटाघाटीची तयारी करत होते, हेही सांगायला हवं. आईला लगेच नेते असं काही माझ्या मनात नव्हतं. दिवसा एखादी बाई लावू, अर्धा खर्च मी देईन, महिन्यातून एक रविवार मी येऊन बसेन, असं जुळवत होते. माझ्यातही त्राण कुठे होतं? मला नुसतं तिला भेटून, दोन शब्द गोड बोलून, आणखी एक वर्ष पदरात पाडून घ्यायचं होतं.

धाकटीनं दार उघडलं. घर इतकं आवरलेलं होतं की मीच बिचकले. भांडी घासून पालथी घातलेली, ओटा कोरडा, उशांचे अभ्रे नुकते बदललेले. ती स्वतः मात्र कुणी पिळून वाळत घालायला विसरावं तशी दिसत होती. डोळ्यांखाली काळं, केसांना कंगवा नाही.

"अशी अचानक?" तिनं विचारलं.

"सहज. आई कुठाय?"

आई खिडकीपाशी खुर्चीत होती. माझ्याकडे बघून हसली. ओळखलं की नुसतीच हसली, ते कळायला मार्ग नव्हता. बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं, आणि तिनं पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर घातला होता.

"अगं, एवढ्या उकाड्यात स्वेटर काय घातलास हिला? घाम बघ किती आलाय."

"राहू दे, ताई."

"राहू दे काय? शिजतेय ती." आणि मी आईचा एक हात बाहीतून सोडवला.

दंडावर बोटांचे वळ होते. निळे-काळे, एकाशेजारी एक. आईची कातडी आता कागदासारखी झालीय, नुसता दरवाजा लागला तरी डाग पडतो. पण दरवाजाला बोटं नसतात.

"पडली का?" मी विचारलं. ती 'हो' म्हणाली असती तर मी मानलं असतं. मानायची माझी तयारी होती.

धाकटी दारातच उभी होती. "पडली म्हणूनच सांगणार होते," ती म्हणाली. "पण नाही पडली. मी धरलं तिला."

"कधी?"

"काल रात्री."

रविवारी दुपारी फोन, आणि रविवारी रात्री हे. आईनं हात पुढे करून स्वेटरची रिकामी बाही चाचपली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

"अगं, आई आहे ती आपली!" माझा आवाज चढला.

"माहीत आहे मला, ताई." ती रडत नव्हती. "ती रात्रभर हाक मारते. नाव घेत नाही, नुसतं 'अगं'. मी उठून गेले की म्हणते, काही नाही गं, जा झोप. मी येऊन पडले की पुन्हा 'अगं'. वर्षभर हेच चाललंय. काल ती उठून दाराकडे निघाली. मी तिला पलंगावर बसवायला गेले आणि बसवलं जोरात. मग हात सोडायला हवा होता, तो सोडलाच नाही. दाबत राहिले. ती माझ्याकडे बघत होती, ओरडलीसुद्धा नाही."

मला काहीतरी जहरी बोलायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते, मी दोन वर्षं सांभाळली, माझा नाही कधी हात उठला. आणि तिथेच मी अडकले. कारण आई माझ्याकडेही रात्री हाका मारत असणारच. मी त्या ऐकल्या कधी? माझ्या उशाशी कुणी पत्रे बडवले तरी मला जाग येत नाही, घरात सगळे यावरून माझी टर उडवतात. उठायचा तो नवरा. सकाळी चहाच्या वेळी म्हणायचा, 'आज तुझ्या आईनं चारदा उठवलं,' आणि मी म्हणायचे, 'हो का? मला कसं कळलं नाही?' दिवसा पगारी बाई असायची. मी ऑफिसातून आले की आईपाशी तासभर बसायचे, तिचे केस विंचरायचे, आणि जेवून झोपायचे. मी दोन वर्षं केलं ते हे.

आणि धाकटी? ती लहानपणापासून शेजारच्या घरचा नळ ठिबकला तरी उठून बसणारी. परीक्षेच्या दिवसांत भिंतीवरचं घड्याळ बासनात गुंडाळून कपाटात ठेवायला लागायचं, तिला टिकटिक सहन होत नाही म्हणून. हे मला माहीत होतं. तिच्याबद्दल हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"आईला मी नेते," मी म्हणाले. "आत्ताच."

"नको."

"नको म्हणजे?"

"आत्ता नेलीस तर तेच होईल ना. मी आईवर हात टाकला म्हणून तिला काढून नेली. मला जन्मभर तेच दिसेल." तिनं दाराची चौकट धरली. "आठवडाभरानं ने. मी नीट वागेन. वळ जाऊ देत, मग ने."

"आणि आज रात्री तिनं हाक मारली तर?"

मी तिचा चौकटीवरचा हात काढून माझ्या हातात घेतला. मग ती खाली बसली, माझ्या पायांशी, आणि तिला रडू फुटलं. ते माझ्या ओळखीचं जुनं रडणं होतं, घर डोक्यावर घेणारं. आई खुर्चीतून वळून बघायला लागली. "हिला कुणी मारलं?" तिनं मला विचारलं.

"कुणी नाही, आई," मी म्हणाले. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड वाक्य ते होतं.

मग आम्ही बॅग भरली. म्हणजे धाकटीनं भरली, मी नुसती देत गेले. ती भरता भरता सांगत होती. गोळी तशी घेत नाही, कुटून जॅममध्ये द्यावी लागते. अंघोळीला पाणी आधी पायावर घालायचं, एकदम डोक्यावर घातलं तर घाबरते. डावा कान पडलाय, उजवीकडून बोलायचं. उजेड चालू ठेवायचा. रात्री 'अगं' म्हणाली की पडल्यापडल्या नुसतं 'आहे मी' म्हणायचं, उठून जायचं नाही, उठून गेलं की ती पूर्ण जागी होते.

"एवढं कळतंय तर तू का उठत होतीस?"

"मला पडून राहता येत नाही, ताई. वाटतं, या वेळी खरंच काही झालं असेल तर?"

नवऱ्याला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "घेऊन ये. रात्रीचं मी बघतो, तसाही जागाच असतो." त्याच्या छातीवरचा लांब व्रण मला डोळ्यांपुढे दिसला, पण मी 'बरं' म्हणाले. पुढचं कसं निभायचं ते मला ठाऊक नव्हतं, आजही फारसं ठाऊक नाही. बाई लावावी लागणार, रजा टाकावी लागणार, आणि तरी कधीतरी माझाही तोल जाणार, किंवा त्याचा. ते मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं आणि मी भयंकर दमले होते.

टॅक्सी खाली येऊन थांबली. आईला दोघींनी धरून जिना उतरवला. धाकटीनं आईचा वळ असलेला हात आपल्याकडे घेतला होता, आणि तो तिनं धरला नव्हता, तर आपल्या तळहातावर नुसता ठेवू दिला होता. आईला सीटवर बसवल्यावर ती रस्त्यावर उकिडवी बसली आणि आईच्या चपलेचा सुटलेला पट्टा लावायला लागली.

मी टॅक्सीच्या दाराशी उभी होते. काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं, आणि मला बोलायची एकच रीत येते. "हे बघ," मी म्हणाले, माझ्या त्याच ऑफिसातल्या आवाजात, "यापुढे असं वाटलं की मला फोन करायचा. झाल्यावर नाही. व्हायच्या आधी. कळलं?"

धाकटीनं मान वर केली नाही. तिचं लक्ष पट्ट्यात होतं.

"केला होता ना, ताई," ती म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.